वाचकांचे प्रश्न: नेट झिरो नागपूरच्या नकाशात कुठे बसतं?

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावरची आहेत: नेट झिरो, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडला जातो तेवढाच शोषून निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणणं. शहराचं कार्बन उत्सर्जन कमी करायचं म्हणजे नगररचनेत, सोसायटीत आणि घर बांधताना नेमकं काय करायचं, असं वाचकांनी विचारलं आहे. त्यांतले निवडक प्रश्न आणि उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न: नागपूर 'नेट झिरो' करायचं असं ऐकतो. पण कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची धुरांडी शेजारीच उभी आहेत. मग हा हिशेब जुळणार कसा? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर: हिशेबाची पद्धत समजली की शंका बरीचशी मिटते. शहरांच्या उत्सर्जनाची नोंद जगभर 'जीपीसी' नावाच्या पद्धतीने होते. तीत तीन खाती असतात. हद्दीत जळालेलं इंधन पहिल्या खात्यात, बाहेरून आलेली वीज दुसऱ्यात आणि शहरामुळे हद्दीबाहेर होणारं बाकीचं उत्सर्जन तिसऱ्यात. ग्रिडला, म्हणजे सामाईक वीजजाळ्याला, वीज पुरवणारं केंद्र हद्दीत असलं, तरी त्याचा धूर फक्त नोंदवला जातो, शहराच्या बेरजेत धरत नाहीत. ती वीज जिथे वापरली जाते, तिथल्या खात्यावर तो आधीच पडलेला असतो. पुन्हा धरला तर दुहेरी मोजणी होईल. शिवाय कोराडी महापालिका हद्दीबाहेर आहे. म्हणून नागपूरच्या नावावर नागपूरने वापरलेले युनिट येतात. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात.

घरचा हिशेबही असाच करता येतो. महिन्याला २५० युनिट वीज म्हणजे १७५ किलो. १४.२ किलोचा एक सिलिंडर म्हणजे सुमारे ४२ किलो. लिटरमागे २.३ किलो या दराने २० लिटर पेट्रोल म्हणजे ४६ किलो. बेरीज २६३ किलो, आणि त्यातला दोनतृतीयांश भाग एकट्या विजेचा. नागपूरच्या उन्हाळ्यात तो आणखी वाढतो. त्यामुळे या शहराच्या नियोजनात सगळ्यात मोठा प्रश्न गारव्याचा आहे, आणि वाहतूकही त्याच्या मागून येते, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हिशेबात कोराडी नसली, तरी तिचा आणि शहराचा संबंध तुटत नाही. भांडेवाडीच्या रोज १३० दशलक्ष लिटर क्षमतेच्या केंद्रातलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं आणि तेवढं पेंच धरणाचं ताजं पाणी वाचतं. सांडपाणी, वीज आणि पिण्याचं पाणी एकाच नकाशावर मांडलं की असे मार्ग सापडतात.

प्रश्न: मी जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत रचना सहायक आहे. विकास योजनेच्या अहवालात शेवटी 'शाश्वत विकास' असं एक प्रकरण जोडतात. नेट झिरोचं उद्दिष्ट त्यापलीकडे प्रत्यक्ष कामात कसं आणायचं?

उत्तर: शेवटी जोडणं हीच खरी चूक आहे. तोवर रस्ते आणि आरक्षणं ठरून गेलेली असतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २५ प्रमाणे विद्यमान जमीनवापराचं सर्वेक्षण करून नकाशा करावा लागतो. कामाची सुरुवात तिथूनच करा.

त्या सर्वेक्षणाबरोबरच पाच गोष्टींची आकडेवारी मागवा: महावितरणकडून मागच्या तीन वर्षांची फीडरनिहाय (फीडर म्हणजे एका भागाला वीज नेणारी वाहिनी) आणि ग्राहक वर्गवार वीजविक्री, पाणीपुरवठा विभागाची पंपांची बिलं, गॅस एजन्सींचे सिलिंडर, पेट्रोल पंपांची विक्री आणि कचरागाड्यांच्या वजनकाट्याची नोंदवही. हे आकडे प्रभागांच्या नकाशावर बसवा. चुका कुठे होतात तेही सांगतो. पंपांची वीज महावितरणच्या बेरजेत असतेच. ती पाणी विभागाच्या बिलातून पुन्हा धरली की आकडा फुगतो. फीडर प्रभागाची हद्द पाळत नाही, त्यामुळे ग्राहकसंख्येच्या प्रमाणात वाटणी करावी लागते. महामार्गावरच्या पंपाचं डिझेल गावात जळत नाही, ते वाहनगणनेवरून वजा करावं लागतं. आणि पायाभूत वर्ष म्हणून २०२०-२१ घेऊ नका. टाळेबंदीचं वर्ष धरलं तर पुढचं प्रत्येक वर्ष उगाच वाईट दिसेल.

लहान शहरात पाण्याचं बिल सर्वांत आधी पाहा. हजार लिटर पाणी ३० मीटर उचलायला ६० टक्के कार्यक्षमतेच्या पंपाला सुमारे ०.१४ युनिट लागतात. रोज एक कोटी लिटर उचलणाऱ्या गावात हे जवळपास १,३६० युनिट होतात. त्यातलं एकतृतीयांश पाणी गळत असेल, तर रोज साडेचारशे युनिट जमिनीत मुरतात. नवा सौर प्रकल्प मांडण्याआधी ही गळती काढा. पंपाची क्षमता तपासताना पाटीवरचा आकडा धरू नका. प्रवाह, दाब आणि वीज तिन्ही जागेवर मोजा. जुना पंप पाटीवरच्या आकड्यापेक्षा बराच खाली चालत असतो.

त्यानंतर रस्ते. १२ मीटरचा अंतर्गत रस्ता असा वाटता येतो: मध्ये ६ मीटरची गाडीवाट, दोन्ही बाजूंना १.८ मीटरचा पदपथ आणि १.२ मीटरची झाडांची पट्टी. बरोबर १२ मीटर होतात. प्रत्यक्षात मात्र भिंतीपासून भिंतीपर्यंत काँक्रीट पडतं, दोन वर्षांनी पाइपलाइनसाठी ते फोडलं जातं, आणि पदपथ कधीच होत नाही. कारण साधं आहे. विकास योजनेत फक्त रुंदीचा आकडा असतो, छेद, म्हणजे त्या रुंदीची वाटणी, नसतो. म्हणून रस्त्याचा आडवा छेद निविदेच्या मंजूर नकाशातच घाला आणि पदपथ व झाडांच्या पट्टीची स्वतंत्र बाब मोजमापात ठेवा. जी बाब मोजमापात नाही, तिचं बिल निघत नाही आणि ती बांधलीही जात नाही.

ले-आऊट, म्हणजे प्लॉट पाडून केलेली वसाहत, तिच्या मंजुरीकडे सर्वांत जास्त लक्ष द्या, कारण आपल्याकडची गावं ले-आऊटनेच वाढतात. रस्ते शक्यतो पूर्व-पश्चिम आखले की घरांची तोंडं दक्षिणेला किंवा उत्तरेला येतात आणि मावळतीचं ऊन टळतं. गल्लीची लांबी १०० ते १२० मीटरपेक्षा जास्त ठेवू नका. नाहीतर समोर दिसणाऱ्या शाळेत जायला मुलाला अर्धा किलोमीटरचा वळसा पडतो आणि घरची दुचाकी निघते. ०.४ हेक्टर आणि त्यापुढच्या ले-आऊटला १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती नाल्याकाठच्या उरलेल्या त्रिकोणी कोपऱ्यात दाखवण्याची सवय मोडा. नाला आधी नकाशावर घ्या, त्याची पूररेषा सोडा आणि मोकळी जागा घरांच्या मध्ये आणा.

अहवालातली वाक्यं कुणालाही बांधील नसतात. बांधील असते नियमावली आणि खर्च होतो अर्थसंकल्पातून. राज्याची एकत्रित नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, स्थानिक पातळीवर बदलता येत नाही. मंजूर योजनेत बदल हवा असेल तर त्याच अधिनियमाच्या कलम ३७ चा रस्ता आणि शासनाची मंजुरी लागते. पण रस्त्याचा छेद, निविदेच्या अटी, पथदिवे, पंप, झाडांच्या जागा आणि नगरपरिषदेच्या इमारती या गोष्टी आजही तुमच्या हातात आहेत. तिथून सुरुवात करा. दरवर्षी अर्थसंकल्पाच्या पुस्तिकेत तीन आकडे छापा: दरडोई वीज, पायी-सायकल-बसने होणाऱ्या फेऱ्यांचा वाटा आणि डम्पिंगवर गेलेला कचरा. हेच तीन आकडे पाच वर्षं सलग छापून आले, तर पुढच्या योजनेला मोठा आधार मिळेल.

प्रश्न: आमची ४० फ्लॅटची सोसायटी आहे. लिफ्ट, मोटर आणि पार्किंगचे दिवे धरून कॉमन मीटरवर महिन्याला १,८०० युनिट जातात. किती किलोवॅटचं सोलर बसवावं? (मनीषनगर)

उत्तर: आधी खर्च कमी करा, मग मोजा. वर्षाचे २१,६०० युनिट होतात. नागपुरात एक किलोवॅट पॅनल वर्षाला साधारण १,४०० युनिट देतं, म्हणजे १५ किलोवॅट लागेल. पण पार्किंगला सेन्सरचे एलईडी आणि टाकीला फ्लोट लावून, जुनी मोटर बदलून वापर १,३०० वर आला, तर ११ किलोवॅट पुरतं. चार किलोवॅटचा खर्च आणि ४० चौरस मीटर गच्ची वाचते. एका किलोवॅटला सुमारे १० चौरस मीटर जागा लागते. धुण्यासाठी जायची वाट सोडली की थोडी जास्त.

केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. फ्लॅटधारकाने किंवा बंगलेवाल्याने स्वतःच्या मीटरवर तीन किलोवॅट किंवा जास्त बसवलं तर ७८,००० रुपये मिळतात. क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त ठेवता येत नाही. नेट मीटरिंगमध्ये (वापरातून सोलरची निर्मिती वजा करून बिल) शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जातात, पण ३१ मार्चला उरलेल्यांना फारच कमी दर मिळतो. त्यामुळे 'जास्त बसवा, कमाई होईल' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

बसवताना पाहायच्या गोष्टी: पॅनलचं तोंड दक्षिणेला, कल साधारण २० अंश. टाकी किंवा लिफ्टची खोली यांच्या उत्तरेला त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतर मोकळं सोडा. डिसेंबरात सावली तेवढी लांब पडते, आणि एका पॅनलवर पडलेली सावली अख्ख्या ओळीचं उत्पादन ओढते. उन्हाळ्यात पॅनल ६५ अंशांपर्यंत तापतं. मूळ क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते आणि प्रत्येक अंशाला सुमारे ०.३५ टक्के घट होते, म्हणजे भर दुपारी १४ टक्के कमी. म्हणून पॅनल गच्चीला चिकटवून बसवू नका. खाली किमान फूटभर हवा खेळली पाहिजे. स्लॅबला भोकं पाडून वॉटरप्रूफिंग फोडण्यापेक्षा काँक्रीटचे ठोकळे घालून सांगाडा धरणं चांगलं, पण ठोकळ्यांचं वजन वादळी वाऱ्याच्या हिशेबाने काढलेलं आहे का ते लेखी मागा. धुणं सकाळी, ऊन चढायच्या आत. बोअरचं पाणी काचेवर क्षाराचे डाग सोडतं, ते वापरू नका.

प्रश्न: बेसा भागात १,५०० चौरस फुटांच्या प्लॉटवर दुमजली घर बांधतो आहे. एसी न लावता नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) निघेल, असं घर होऊ शकतं का? (बेसा)

उत्तर: खालच्या मजल्यावर निघेल, वरच्यावरही निघू शकतो; मात्र स्लॅबकडे लक्ष दिलं तरच. निवासी इमारतींसाठीच्या केंद्राच्या इको निवास संहितेत छताची उष्णता-वहनाची मर्यादा १.२ आहे (दर चौरस मीटर, दर अंशाला वॅट; आकडा कमी तितकी उष्णता कमी). उघड्या सहा इंची स्लॅबचा आकडा तीनच्याही वर जातो. वॉटरप्रूफिंगवर ४० ते ५० मिलिमीटरचा एक्सपीएस (कडक फोमचा) बोर्ड, त्यावर जाळी घालून काँक्रीट आणि वर पांढरी चायना चिप्स (चिनीमातीच्या टाइलचे तुकडे), असं केलं की मर्यादेच्या बरंच आत येता. खर्च नसेल तर निदान दोन हात पांढरा परावर्तक रंग किंवा पांढरं सिमेंट मिसळलेला चुना लावा. चुना पावसाळ्यात शेवाळतो, म्हणून दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा द्यावा लागतो.

भिंतींबद्दल एक गैरसमज दूर करू. कोराडी-खापरखेड्याच्या राखेच्या विटांनी माती आणि भट्टीचा कोळसा वाचतो, म्हणून त्या जरूर वापरा. पण उष्णता अडवण्यात त्या लाल विटेपेक्षा सरस नाहीत. गारवा हवा तर पश्चिमेची भिंत तरी २०० मिलिमीटर एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटची) घ्या. नऊ इंची विटेच्या भिंतीपेक्षा तिच्यातून निम्म्याहून कमी उष्णता आत येते. ब्लॉकच्या भिंतीला तडे जातात ते बहुधा कॉलमच्या सांध्यात. जाड मसाल्याऐवजी ३-४ मिलिमीटर अॅडहेसिव्ह वापरा आणि सांध्यावर दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच फायबर जाळी घ्या.

छज्जा: नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे. दक्षिणेच्या चार फुटी खिडकीला दोन फुटांचा छज्जा मार्चपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत दुपारचं ऊन पूर्ण अडवतो आणि थंडीत ऊन आत येऊ देतो. मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, तेव्हा उत्तरेच्या खिडकीलाही एक फुटाचा छज्जा असू द्या. पश्चिमेला छज्ज्याचा उपयोग नाही. मे महिन्यात साडेचारच्या पुढे सूर्य इतका खाली असतो की चार फुटी खिडकीला साडेसात फुटांचा छज्जा लागेल. त्या बाजूला जिना, संडास-बाथरूम, कोठीघर ठेवा; खिडकी हवीच असेल तर उभ्या पट्ट्या किंवा वेलीची जाळी लावा.

आता कूलर. नवतप्यात हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे कूलर उत्तम चालतो: सुमारे २०० वॅट, तर दीड टनी एसीला दीड हजार. मग नव्या फ्लॅटमध्ये एसीच का दिसतो? कूलरला जागाच ठेवलेली नसते. सरकत्या काचेच्या खिडकीत कूलर बसत नाही, बाहेर कठडा नाही, आणि हवा बाहेर जायला समोर खिडकी नाही. कोंडलेल्या खोलीत कूलर लावला की तासाभरात चिपचिप होते आणि माणूस एसी घ्यायला जातो. तुमच्या घरात उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीत तीन बाय तीन फुटांची जागा, बाहेर ओटा, फ्लोटसह पाण्याचा नळ आणि निचरा ठेवा, आणि समोरच्या भिंतीत तेवढंच किंवा मोठं उघडं तावदान. नागपूरसारख्या हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या १२.५ टक्के खिडकी उघडणारी हवी, असं संहिता सांगते. १२० चौरस फुटांच्या खोलीला १५ चौरस फूट. सरकती खिडकी अर्धीच उघडते, म्हणून ती ३० चौरस फुटांची लागेल. त्यापेक्षा आपली जुनी पल्ल्यांची खिडकी बरी. मृगाचा पाऊस पडला की कूलर निरुपयोगी होतो. तेव्हा ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा कामाला येतो. जुना ७५ वॅटचा असतो.

कूलरच्या ओट्याची तरतूद फ्लॅटच्या नकाशांत सक्तीची व्हावी, असं आम्हांला मनापासून वाटतं.

प्रश्न: सिमेंट रोड करताना आमच्या गल्लीतल्या कडुनिंबांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं आहे. झाडं लावून कार्बन भरून निघतो म्हणतात, मग आहेत ती झाडं का मारतात? (धरमपेठ)

उत्तर: कार्बन भरून निघण्याचा दावाही तपासून पाहा. मोठं झाड वर्षाला साधारण २० किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं. वर दिलेल्या घराचं वर्षाचं उत्सर्जन ३,१५० किलोच्या पुढे जातं, म्हणजे एका घरामागे दीडशेहून जास्त झाडं लागतील. झाडाची खरी किंमत सावलीत आहे. कडुनिंबाखालचा रस्ता आणि भिंत तापत नाही, माणूस पायी चालतो, कूलर उशिरा लागतो.

बुंध्याभोवती चारही बाजूंना किमान एक मीटर जागा मोकळी हवी. ओतलेलं काँक्रीट फोडताना ब्रेकर नको, मुळं तुटतात. छिन्नी-हातोड्याने काढायला सांगा. झोन कार्यालयाच्या उद्यान विभागाला झाडांची संख्या, फोटो आणि विजेच्या खांबाचा क्रमांक देऊन लिहा. तोडीचा प्रस्ताव असेल तर १९७५ च्या वृक्ष कायद्यातली २०२१ ची दुरुस्ती लक्षात ठेवा: ५० वर्षांचं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. रस्त्याची पातळीही पाहा. जुना थर न खरवडता वर नवा ओतला की घरांची जोती खाली जातात आणि २३ सप्टेंबर २०२३ सारख्या पावसात पाणी घरात शिरतं.

प्रश्न: मेट्रोलगत जास्त एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) दिल्याने प्रदूषण खरंच कमी होतं का? (वर्धा रोड)

उत्तर: माणसं स्टेशनपर्यंत चालत गेली तर होतं. मार्गिकेच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरच्या पट्ट्यात रस्त्याची रुंदी आणि भूखंडाचं क्षेत्रफळ पाहून ४ पर्यंत एफएसआय मिळतो. पण त्याबरोबर दोन मजले पार्किंग बांधलं, तर गाड्याही तितक्याच वाढतात. शिवाय नकाशावरचे ५०० मीटर आणि पायी अंतर यांत फरक असतो. मध्ये कंपाउंडची सलग भिंत आली की ते किलोमीटरभर होतं. चांगलं घर केवळ एफएसआयसाठी पाडण्याआधी सिमेंटचाही हिशेब करा: साध्या पोर्टलंड सिमेंटच्या (ओपीसी) ५० किलोच्या पोत्यामागे चाळीसहून अधिक किलो कार्बन डायऑक्साइड गेलेला असतो.

प्रश्न: ओला कचरा घरीच जिरवला तर कितपत फरक पडतो? (नंदनवन)

उत्तर: पडतो. ढिगाऱ्याखाली हवेविना कुजताना त्यातून मिथेन निघतो, आणि तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट घातक आहे. खताच्या डब्यात हवा खेळती ठेवा आणि ओल्याच्या निम्मा सुका पाला घाला. वास आला तर ओल जास्त झाली आहे असं समजा.

प्रश्न: विकास योजनेवर सूचना-हरकत कशी लिहावी म्हणजे ती वाचली जाईल? (हुडकेश्वर)

उत्तर: एका पत्रात एकच मुद्दा ठेवा. नकाशाच्या शीटचा क्रमांक, खसरा (जमिनीचा) क्रमांक किंवा रस्त्याचं नाव, आज काय दाखवलं आहे आणि काय हवं, हे पहिल्या चार ओळींत यावं. 'पर्यावरणाचा विचार व्हावा' असं लिहिलं तर त्यावर काही निर्णय देताच येत नाही. 'शीट अमुक, १२ मीटर रस्त्यावर दोन्ही बाजूंना १.८ मीटर पदपथ व १.२ मीटर वृक्षपट्टी दाखवावी' असं लिहिलं तर नियोजन समितीला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. जाहिरातीतल्या मुदतीच्या आत द्या, पोच घ्या. सुनावणीची नोटीस आली की त्याच शीटची प्रत, जागेचे फोटो आणि टेपने मोजलेली रुंदी घेऊन जा.